खुर्चीवरचं बोंड

तिकीट काढून लेडी विनिफ्रेड आपल्याच जुन्या हवेलीत शिरल्या. जुनी घरं जपून लोकांना दाखवणाऱ्या ट्रस्टला घर दिल्यापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. आता आपण इथे परक्या ठरू, ही धास्ती होती.

वाचनखोलीत त्यांच्या लाडक्या खुर्चीवर पाइनचं बोंड ठेवलेलं होतं. पाहुण्यांनी बसू नये म्हणून अशा घरांत ते ठेवतात. त्या उभ्याच राहिल्या.

भिंतीवर त्यांच्या आजोबांचं तैलचित्र होतं. गाइड मुलीने चित्रातलं नाक पाहिलं, मग बाईंचं नाक पाहिलं आणि बोंड उचललं.

"बसा, बाईसाहेब."

"नियम मोडेल ना?"

"नियम पाहुण्यांना आहे."

बाई ऐसपैस बसल्या, पायसुद्धा वर घेतले. निघताना बोंड त्यांनी स्वतःच जागेवर ठेवलं.

"पाहुण्यांना बसू देऊ नकोस हं," त्या म्हणाल्या. "फार धसमुसळे असतात."