कालचं लँडिंग

"पाचच मिनिटांचं काम आहे गं. तोवर शौनक लक्ष ठेवेल," सामंत मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दीप्तीच्या हातात औक्षणाचं ताट दिलं.

एरवी ओवाळणाऱ्या गंधालीला ताप भरला होता. पाहुण्यांना ओवाळायला नववारीतली मुलगी हवी, ही शाळेची जुनी रीत. आणि झटपट नववारी नेसता येणारी अख्ख्या नववीत दुसरी कोण, तर दीप्ती. लेझीम पथकात शिकली होती. मॅडमनी तिला थेट चंद्रावरून उठवलं. म्हणजे कॉम्प्युटर रूममधल्या त्या खुर्चीवरून, जिच्यासमोर जॉयस्टिक होती आणि स्क्रीनवर तिचं यान चंद्राभोवती शहाण्यासारखं फेऱ्या मारत होतं.

सिम्युलेटरवरची ही मोहीम तिची होती. वेग कुठे कमी करायचा, कुठे वळायचं, शेवटच्या उतरणीसाठी इंधन कसं राखायचं, सगळं तिने आखलं होतं. शौनकने शेजारी बसून उंची वाचून दाखवायची, एवढंच ठरलेलं. काल रंगीत तालमीत ऐन शेवटी यानाखाली भलामोठा दगड आला, तर दीप्तीने तो असा चुकवला की मॅडम खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. शाळेच्या पेजवर टाकायला म्हणून त्यांनी ते रेकॉर्डही करून ठेवलं होतं. आज पाहुण्यांसमोर जो यान उतरवेल, तोच शनिवारी घाटकोपरला यान उतरवण्याच्या आंतरशालेय स्पर्धेत शाळेकडून बसणार होता. दीप्तीने घरी सांगूनही टाकलं होतं, चांगलं तोऱ्यात.

विश्वस्त विद्याधरराव आले ते उशिरा, आणि भांडुपला दुसरा कार्यक्रम आहे हे सांगतच आले. दीप्तीने त्यांना ओवाळलं. मग मॅडम म्हणाल्या, मशीनलाही कुंकू लाव, चार अक्षता टाक. जॉयस्टिकच्या बुडाशी इंजिनाचा जोर कमीजास्त करायची सरकती पट्टी होती. तिच्या खाचेत दाणे जातील, असं दीप्ती हळूच म्हणाली. शुभ कामात खोट काढू नये, असं मॅडम तिच्याहून हळू म्हणाल्या. तिने अक्षता टाकल्या.

आणि खुर्चीकडे वळली, तर शौनक उठायचं नाव घेईना. तो मॅडमकडे बघत होता.

"साहेबांना घाई आहे, आता तो बसलाय तर बसू दे," मॅडम कुजबुजल्या. "तू ताट घेऊन मागे थांब, पेढे द्यायचेत. तुला काय गं, तुला तर येतंच."

दीप्ती मागे थांबली. ताटातलं निरांजन अजून जळत होतं.

सुरुवात बरी झाली. प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवलेलं यान तिने आखलेल्या वाटेने खाली आलं. मग इंजिनाचा जोर वाढवायची वेळ आली आणि पट्टी सरकेना. दाबून दाबून शौनकचा अंगठा पांढरा पडला. त्याने मान वळवून दीप्तीकडे पाहिलं. ती एक पाऊल पुढे झाली, तर मॅडमनी तिच्याकडे न बघताच हात आडवा धरला. विद्याधरराव तेवढ्यात फोनवर भांडुपवाल्यांना निघालोच म्हणून सांगत होते. यान चंद्रावर आपटलं आणि त्याचे तुकडे तुकडे झाले.

मॅडमचा तळवा त्याआधीच प्रोजेक्टरच्या भिंगावर गेला होता. भिंतीवर नुसता अंधार.

कनेक्शन गेलं साहेब, एक मिनिट हं, असं म्हणत त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, लावलं, आणि शौनकच्या कानाशी वाकल्या.

"हात काढू नकोस."

भिंतीवर पुन्हा चंद्र आला. दीप्तीने तो बघताक्षणी ओळखला. कालचा होता. तिने जरा लवकर घेतलेलं ते वळण, तो उगाच दिलेला झटका, मग सावरणं. वहीवरचं आपलं अक्षर ओळखावं तसं तिने सगळं ओळखलं. खाली दगड आला. यान उजवीकडे सरकलं. शौनकचा हात डावीकडे गेला.

कुणी पाहिलं नाही. यान धुळीत अलगद टेकलं आणि टाळ्या पडल्या. ताट धरलेलं, म्हणून दीप्तीला तेवढं तरी करावं लागलं नाही. विद्याधररावांनी शौनकच्या पाठीवर थाप मारली, शनिवारी शाळेचं नाव काढ म्हणाले. जाता जाता त्यांनी तिच्या ताटातला पेढा उचलला, तिच्याकडे बघून कौतुकाने हसले आणि मॅडमना म्हणाले की अहो, मुलींनाही घ्या यात, त्यांच्याकडून नुसतं ओवाळून काय घेता. मॅडम हो हो म्हणाल्या.

खोली रिकामी झाल्यावर दीप्तीने अंबाड्यातला आकडा काढला आणि पट्टीच्या खाचेतून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा उकरून काढला. पट्टी लोण्यासारखी सरकली.

"म्हणजे माझी चूक नव्हती," शौनकचा जीव भांड्यात पडला. मग तो जरा जवळ आला. "यार दीप्ती, शनिवारपर्यंत शिकवशील ना? तो दगड आला की काय करायचं, तेवढंच."

दीप्तीने दाणा ताटात ठेवला.

"उजवीकडे," ती म्हणाली. "मी उजवीकडे गेले होते."