हितं हाय

उमरीजवळच्या आमच्या शाळेत अकरा टॅब होते आणि वाचणारी मुलं दहा. अकरावा टॅब महामायाचा. ती पावसाळ्यात तापानं गेली.

टॅबवर मुलं वाक्य मोठ्यानं वाचतात आणि चुकलेला शब्द लाल होतो. महामायाचं शेवटचं वाचन त्यात राहिलं होतं. वाक्य होतं, "आई, मी इथे आहे." तिनं वाचलं होतं, "आय, मी हितं हाय." चारपैकी एक बरोबर.

तिची आई सरजाबाई दर सोमवारी ते ऐकायला यायची. पहिल्यांदा लाल शब्द बघून हसली. "ताई, तुमचं यंत्र लई शाणं हाय. आम्ही काय चुकीचं बोलून राहिलो का?"

पुढच्या सोमवारी 'हाय'च्या जागी 'आहे' ऐकू आलं. मी तारीख तपासली. रेकॉर्डिंग जुनंच होतं. मी नेट बंद केलं आणि टॅब कपाटात कुलपात ठेवला.

त्यानंतर 'हितं' गेलं, 'इथे' आलं. आवाज महामायाचाच होता.

"तिला आता शिकवू नका, ताई," सरजाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तशीच."

"मी नाही शिकवत."

आज ती आली, पदरानं काच पुसली. एकच शब्द लाल उरला होता.

"तेवढा ऱ्हाऊ दे, माय," ती टॅबला म्हणाली. मी बटण दाबलं.

"आई, मी इथे आहे."

सरजाबाईनं हात मागे घेतला. "माझी पोरगी मला आय म्हणायची."

काचेवर हिरवी अक्षरं उमटली: चारपैकी चार बरोबर.