अर्धं शटर

या, असे पुढे सरकून बसा. टाळ गळ्यातच राहू द्या, फक्त वाजवू नका एवढ्यात. गोष्ट एका टाळवाल्याचीच आहे.

निवृत्तीशेठ धावत होते. सत्तरी उलटलेला माणूस, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, आणि नाशिकच्या जुन्या पेठेत सकाळी अकराची गर्दी. मागं पेठेच्या तोंडाशी द्वारका चौकाकडच्या घरून आलेली गाडी थांबली होती. तिच्यातून कारभारीशेठांची तिरडी उतरवून मंडळी खांद्यावर घेत होती.

कारभारीशेठांचं या पेठेत टाळ-चिपळ्यांचं दुकान, समोर निवृत्तीशेठांचं सुतळी-दोराचं. गेल्या कुंभमेळ्याच्या आधी दोन्ही विकली गेली. पण पेठेची एक रीत होती. पेठेतला दुकानदार गेला की त्याची यात्रा पेठेतून निघायची. जो तो आपलं शटर अर्धं खाली ओढायचा आणि हात जोडून पायरीवर उभा राहायचा. पुरतं ओढायचं नाही. लक्ष्मीच्या तोंडावर दार लावू नये. आणि गेलेल्याच्या दुकानासमोर तिरडी विसाव्याला टेकायची.

"आई, तिथं आता बाबांना ओळखतं कोण?" सुनील, कारभारीशेठांचा मुलगा, म्हणाला होता. "गाडी सरळ अमरधामला नेऊ."

कुसाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "पेठेतूनच न्यायचं. दुकानापर्यंत मी येणार." मग निवृत्तीशेठांकडे वळून, "भाऊजी, ओढतील ना हो शटरं?"

"ओढतील की वहिनी! न ओढून सांगतात कुणाला?" जिभेला हाड नसतं म्हणतात, ते असं. म्हणून आता हे धावणं.

पहिलं दुकान बुटांचं. मालकानं काचेचं दार स्वतः उघडलं. "या काका, मॉर्निंग वॉकचे दाखवू?"

"बूट नकोत. यात्रा येतेय मागून. टाळवाले कारभारीशेठ गेले. अर्धं शटर ओढा, दोन मिनिटं."

"अहो, आत एसी चालू आहे. आणि आमच्यात कुणी गेलेलं नाही."

"पेठेतलं गेलंय!"

"काका, ऊन लागलंय तुम्हाला. पाणी घ्या."

दुसऱ्या दुकानात गाणं एवढं मोठ्यानं लावलेलं, की मालक नुसताच कानाला हात लावून हसला. तिसरा म्हणाला, मालक मुंबईला असतात, विचारून सांगतो. निवृत्तीशेठांना घाम फुटला. इथं रंगनाथ कासार बसायचा. हिरवा चुडा भरला की नवरी वाकून त्याच्या पाया पडायची. तिथं वत्सलाबाईंचं हळदकुंकू. पलीकडं जयराम तांबटाची ठोकठोक, आणि ती जरा थांबली की कारभारीशेठ टाळांची जोडी कानाशी धरून घुमवून बघायचे. नुसती हाक घातली असती, तर सगळे पायरीवर आले असते. आज पेठभर पाट्याच पाट्या, आणि हाक घालावी असं एक नाव नाही.

मागून टाळ ऐकू आले. यात्रा निघाली होती.

घड्याळाच्या दुकानाबाहेर शटर ओढायची लोखंडी आकडी टेकवून ठेवलेली. निवृत्तीशेठांनी 'पांडुरंगा' म्हणून ती उचलली, शटरात अडकवली आणि ओढली. जुनं शटर. अर्ध्यावर थांबलंच नाही. खडखडखडखड करत थेट जमिनीला भिडलं.

गेल्याच आठवड्यात कुठल्याशा बंदमध्ये पेठेत दोन काचा फुटल्या होत्या. तो खडखडाट ऐकला आणि शेजारच्यानं मान वर न करता आपलं शटर पाडलं. त्याचं ऐकून पुढच्यानं.

"बंद आहे! ओढा, ओढा! आले!"

"अहो, अर्धं!" निवृत्तीशेठ टोपी हलवत रस्त्याच्या मधोमध धावले. "अर्धंच ओढा!"

टोपी हलवत, ओरडत येणारा माणूस बघून उरलेलीही शटरं पडली. गाणं थांबलं. बुटवाल्यानं एसीसकट सगळं बंद केलं. रिक्षावाल्यांनी बोळ धरले. बघता बघता पेठ अशी रिकामी झाली, की पारव्यांच्या पंखांचा आवाज यावा.

आणि त्या शांततेत कारभारीशेठ आले. त्यांनीच जुळवलेले टाळ मंडळींच्या हातात. दोन्हीकडं एकूण एक दुकान बंद. असं पेठेनं कधी कुणासाठी केलं नव्हतं.

तिरडी जुन्या दुकानासमोर टेकली. आता तिथं मोबाईलचं दुकान होतं, तेही बंद. कुसाबाईंनी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पेठेवरून नजर फिरवली.

"बघितलंस, सुनील? ओळखतं कोण म्हणत होतास."

सुनीलनं खाली मान घातली. निवृत्तीशेठांनी सांगायला तोंड उघडलं, वहिनींचा चेहरा पाहिला, आणि मिटलं. मनात म्हणाले, पांडुरंगा, 'ओढतील' असं खोटं बोललो मी, पण ते खरं तूच केलंस.

यात्रा पुढं गेली. मोबाईलवाल्याचं शटर वीतभर उचललं गेलं. खालून किशोरनं, म्हणजे त्या मोबाईलवाल्यानं, भेदरलेल्या आवाजात विचारलं, "काका, कुणाचा बंद आहे हो?"

निवृत्तीशेठांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"कारभारीशेठांचा."

"कोण कारभारीशेठ?"

निवृत्तीशेठ थांबले नाहीत. त्यांना खांदा द्यायचा होता. ते उत्तर तेवढं राहिलं, माय-बापहो. त्या पेठेतून कधी गेलात तर क्षणभर थांबा, आणि किशोरला सांगा.