जामीन

मेलेल्या अक्रोडाचं अवाढव्य खोड क्रेनच्या साखळीला लटकत होतं. खाली म्हातारा यदोल्ला उभा होता.

क्रेनवाला ओरडला, "काका, याला कधी एक अक्रोड लागला नाही म्हणे! मग इतकी वर्षं ठेवलंत कशाला?"

"रीतच आहे ना आपली, न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची! नवरोज, आपलं नवं साल, जवळ आलं की मी याच्यावर कुऱ्हाड उगारायचो. बायको आडवी यायची. 'एक वर्ष द्या याला, मी जामीन राहते. पुढच्या साली नक्की फळ धरेल!' असं म्हणाली की मी कुऱ्हाड खाली ठेवायचो. दरवर्षी."

"मग काकूंना बोलवा की! शेवटचं बघू देत."

यदोल्लाने मान खाली घातली.



मूल होत नाही म्हणून त्याने तिला कायमचं माहेरी धाडलं, तेव्हा तिच्यासाठी एक वर्ष मागायला कुणीच आडवं आलं नव्हतं.