डाव्या कोपऱ्यातला डाग

पुन्हा तोच डाग.

ठमीने सोनेरी पावडर वितळवायची हीट गन बंद केली आणि कार्ड खिडकीपाशी नेलं. मधली वेल झकास उमटली होती. सोनेरी, फुगीर, बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही. पण खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे शिक्का लागलाच नव्हता, तिथेही सोनेरी चमकत होतं. नीट पाहिलं तर अंगठ्याच्या बारीक रेघा दिसत होत्या.

“हा कागद कापणारा बाइंडर अगदीच अंगठाछाप दिसतोय,” ती म्हणाली. “प्रत्येक कागदावर सही ठोकून ठेवलीय.”

दाराजवळच्या खुर्चीत बसलेले बाबा हसले नाहीत. “दे इकडे ते.”

“कशाला?”

“पाठ कोरी आहे. काहीबाही लिहायला होतं.”

वाया गेलेली सगळी कार्डं बाबा अशीच मागून नेत. एवढं काय लिहितात कोण जाणे! घरातला चिकूपणा आईकडे होता, तो आता बाबांनी चालवायला घेतलाय, असं ठमीने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

नोकरी सोडून हाताने कार्डं बनवणार, असं तिने जाहीर केलं तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. “कागदावर भुकटी भुरभुरून कुणाचं पोट भरलंय?” शब्दाने शब्द वाढला आणि मायलेकींचा अबोला सुरू झाला. दोघी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा हट्टी. ठमी तेव्हा दुसऱ्या शहरात. तिचा फोन आला की आई तो मुकाट्याने बाबांच्या हातात द्यायची. ठमीही मग बाबांशीच बोलायची. कार्डांचा कागद घरी कापला की वाकडा होतो, बाइंडरकडे टाका, हेही तिने बाबांनाच सांगितलं होतं. कार्डाच्या मापाचे कागद तयार झाले, आणि ते न्यायला ती यायच्या आत आई गेली. रात्री झोपली ती उठलीच नाही. भांडण मिटवायचं राहून गेलं.

तेव्हापासून ठमी इथेच राहत होती. आईची आठवण तिला भलत्या वेळी गाठायची; भाजी चिरताना, वाळलेले कपडे घडी करताना, कधी नुसतं नळ बंद करताना. आईने एकदा मागे येऊन उभं राहावं आणि चांगलं फैलावर घ्यावं, असं तिला वाटायचं. ते नाही, तर निदान जाताना आई आपल्यावर रागावलेली नव्हती, एवढं तरी कुणीतरी सांगावं.

“बाबा, आई माझ्याबद्दल काही बोलायची?”

बाबांनी हातातलं कार्ड उलटसुलट केलं. “तुझी आई कमीच बोलायची.”

“म्हणजे नाहीच.”

“चहा टाकतो,” बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

तेवढ्यात फुलांच्या दुकानाच्या मालकिणीचा फोन आला. ठमीची कार्डं ती गुच्छांबरोबर विकायची. “वेल सुरेख आहे हो तुमची. पण गिऱ्हाईक दुसऱ्याच्या अंगठ्याचा ठसा कशाला घरी नेईल? या खेपेला स्वच्छ द्या, नाहीतर मी आपली छापील घेते.”

ठमी इरेला पेटली. डाग तिच्या हातचा नव्हता. ती हात धुऊन, कडेला धरूनच काम करायची. म्हणजे बोटाचं तेल आधीपासून कागदातच होतं, आणि पावडर शाईला चिकटते तशी त्यालाही चिकटत होती. बाइंडर मशीनवर सगळा गठ्ठा एका दमात कापतो. मग हा एकेक कागद हातात घेऊन कुरवाळत बसला होता की काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा केस कापायला गेले. ठमीने मऊ फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधली. एक कागद घेऊन कोपरा हलक्या हाताने चोळला, दुसऱ्या फडक्याने पुसला. मग शिक्का मारला, सोनेरी पावडर भुरभुरली, कागद झटकला. कोपऱ्यात एक कण राहिला नाही. हीट गन आधी हवेत धरून तापवली, मग कागदाच्या खालून फिरवली. वेल चमकली त्या क्षणी हात मागे घेतला. एक क्षण जास्त झाला की सोनं कागदात जिरतं आणि तेलकट दिसतं.

कार्ड आरशासारखं उतरलं. दाखवायला धावत आईकडे जावं, असं तिला पटकन सुचलं; ती अर्धी उठली आणि परत बसली.

मग तिने अख्खा गठ्ठा पुढ्यात ओढला. एकेक कागद चोळला, पुसला, नीट रचला. काम हाताला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी ती गुणगुणत होती.

बाबा आले तेव्हा शेवटचा कागद पुसून झाला होता. तिने नवं कार्ड त्यांच्यापुढे धरलं. “फिरवा बोट. बघा, कसं गुळगुळीत झालंय!”

बाबांनी बोट फिरवलं, पण वेलीवरून नाही. खाली, डाव्या कोपऱ्यात.

“इथला डाग?”

“गेला! सगळ्याच कागदांवरचा पुसून काढला.”

“सगळ्या?”

“एक सोडला नाही. आता तुमची रद्दी बंद.”

बाबा खुर्चीत बसले. चपला पायातच राहिल्या.

“असं काय करताय? त्या बाइंडरला काही बोलणार नाहीये मी.”

“बाइंडरकडे टाकलेच नव्हते गं ते,” बाबा म्हणाले. “तुझी आई रोज दुपारी पट्टी लावून, डावा कोपरा अंगठ्याने दाबून एकेक कापत बसायची. तुला सांगू नका म्हणाली होती.”