सैल शर्ट

शर्ट पुन्हा सैल झाला होता. कमरेपाशी कापड चिमटीत येत होतं.

"बघ, किती वाळलीस," आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "आता तरी पोटभर जेव."

लेकीने नेहमीसारखा निम्मा भात काढून ठेवला. भाजी मात्र कितीतरी महिन्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"आणि तू?"

"माझं काय, चाखता चाखताच होतं." आईने अंगावरची शाल सावरली, बोटातल्या अंगठीला गुंडाळलेला दोरा चाचपला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर कुठे ना कुठे दोरा असायचाच.

कॉलेजच्या जिममधला काटा वेगळंच सांगत होता. वजन गुंजभरही कमी झालं नव्हतं. उलट किंचित वाढलंच होतं.

"मग शर्ट सैल कसा?" तिने मैत्रिणीला विचारलं. या मैत्रिणीला सगळे काडी म्हणत. दिवसभर काकडी आणि काळ्या कॉफीवर राहून तिने ते नाव कमावलं होतं.

"तुझी आई कपडे शिवते ना गं? मग शर्टालाच विचार की."

"म्हणजे?"

"तुला खायला घालायचं कारस्थान, दुसरं काय! आया वाट्टेल ते करतात. माझी तर सूपमध्ये लोणी ढकलते आणि वर साळसूदपणे बघत बसते."

तिला आठवलं. हल्ली ती अचानक खोलीत गेली की मशीन थांबायचं आणि मांडीवरचं कापड शालीखाली जायचं.

घरी येताच तिने दार लावून शर्ट उलटा केला. दोन्ही बाजू उसवून शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाची सगळी माया सोडली होती आणि अगदी कडेला नवी शिवण मारली होती. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. दुसऱ्या शर्टाचीही तीच गत.

एवढं पोट मारून मिळवलेला बारीकपणा आईने मशीनवर शिवला होता तर!

जशास तसं, तिने ठरवलं. आईचा फुलाफुलांचा गाऊन खुंटीवर होता. बाबा त्याला तंबू म्हणायचे. लहानपणी लपाछपीत ती आईसकट त्यात मावायची. तोच दोन्हीकडून आवळून ठेवायचा. उद्या घालताना कळेल म्हणावं.

"आत काय करतेस गं?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"काही नाही."

"मग ये जेवायला, गरम आहे तोवर. माझं झालंय."

तिने गाऊन उलटा केला, टाचण्यांच्या डबीकडे हात नेला आणि थांबली. शिवणीच्या आत एक शिवण होती. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत एक, कालपरवाची, कोऱ्या पांढऱ्या दोऱ्याची.

तिने गाऊन डोक्यावरून घातला. तो तिच्या खांद्यांवरच अडकला.