निळी रेघ

वृषाली माहेरी पोचली तेव्हा आई गॅसची शेगडी उचलून पडवीत मांडत होती. स्वयंपाकघरात खिडकीतून आलेली प्रकाशाची निळी रेघ फरशीवरून आडवी गेली होती.

पूर्वी ही रेघ खाली मळ्याच्या बांधावर असायची. उपग्रह रोज नदीचं गणित मांडायचे आणि पूर जिथवर येऊ शकतो तिथवर खांबांवरचे दिवे रेघ पाडायचे. रेघेच्या आत चूल पेटवायची नाही, झोपायचं नाही, असा कायदा होता.

"इथवर कधी आली?"

"गणपती झाले नि सरकायला लागली. शहरात नदीला भिंती घालून बाग केली ना, तेव्हापासून. बाग छान आहे हं, मोबाइलवर बघितली मी."

त्या बागेचा नकाशा वृषालीनेच केला होता. तो शहराच्या हद्दीवर संपत होता आणि त्यापुढे तिने पाहिलंच नव्हतं.

निघताना आईने तिची ओटी भरली. मग ताटात आणखी एक खण आणि नारळ ठेवला.

"हा कुणाला?"

"नदीला. दरवर्षी घाटावर जाऊन भरते. यंदा तीच घरी येईल."

"राग नाही येत तिचा?"

"तिचा कसला राग? वर शहरात तिला जागाच ठेवली नाही कुणी." आईने ताट रेघेपलीकडे सरकवलं. "तू नकाशांच्याच ऑफिसात आहेस ना? हे कोण बघतं, त्याला एकदा विचारशील?"

"विचारते," वृषाली म्हणाली.